टब गळतोय म्हणून फरशी फोडू नका

२०२४ मध्ये मुंबईत ३० मेपासून ५ टक्के, ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली. ते वेळापत्रक मुंबईकरांना तेव्हा पाठ झालं होतं, म्हणून तलावांच्या साठ्याची उजळणी इथे नको. अशा शहरात घरातल्या हॉट टबच्या गळतीवर लिहिणं म्हणजे श्रीमंतांची दुखणी कुरवाळणं, असं कुणी म्हणेल. आक्षेप अर्धाच खरा आहे. विक्रोळीत कन्नमवारनगर, टागोरनगरच्या म्हाडा इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि मुंबईतल्या टॉवरांच्या माहितीपत्रकांत जकुझी आता नवलाची राहिलेली नाही. टब ज्याच्या घरी, त्याच्यापुरतीच गळती राहिली असती तर सोडून देता आलं असतं. पण टब अठराव्या मजल्यावर असतो आणि ओल सतराव्या मजल्याच्या छताला धरते. शिवाय २ मीटर बाय २ मीटरच्या टबातलं पाणी दिवसाला एक सेंटीमीटर उतरलं, तर ४० लिटर गेलं. शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ निकष दिवसाला माणशी १३५ लिटरचा आहे, हे लक्षात घेतलं की त्या एका सेंटीमीटरची किंमत कळते.

गळती बुजवणं बहुतेक वेळा सोपं असतं, कठीण असतं ते ती शोधणं. आणि आपल्याकडे नेमका हाच टप्पा गाळला जातो. खालच्यांच्या छतावर डाग दिसला की प्लंबर वर येतो, ‘वॉटरप्रूफिंग गेलंय’ असा निकाल देतो, टाइल्स फुटतात, ब्रिकबॅट कोबा उपसला जातो. डागावरून फक्त पाणी शेवटी कुठे पोहोचलं ते कळतं. न्हाणीघराच्या खोलगट (संकन) स्लॅबमध्ये भरलेल्या विटांच्या तुकड्यांमधून वाट काढत ते मूळ जागेपासून बरंच लांब उतरू शकतं. डागाच्या बरोबर वर फरशी फोडणं म्हणजे निव्वळ अंदाजावर पैसे लावणं.

टबाच्या बाबतीत मात्र पाणी स्वतःच साक्ष देतं, फक्त ती ऐकायला दोन दिवस थांबावं लागतं. आधी एमसीबी बंद करून पंप आणि हीटरची वीज तोडायची. गळतं पाणी आणि वीज हा जीवघेणा मेळ आहे. टबाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर गळती शोधण्याआधी तो बसवून घ्यावा. मग पातळीवर चिकटपट्टी लावायची, टब झाकायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. कोमट पाण्याची वाफ होते, पण झाकलेल्या टबातून ती फार थोडी जाते. शंका असेल तर टबातलंच पाणी भरलेली बादली त्याच झाकणाखाली ठेवून दोन्हीकडची घट ताडून पाहावी. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ पंप चालू ठेवून पुन्हा मोजायचं. पंप चालू असतानाच पाणी वेगाने उतरत असेल, तर संशय दाबाखालच्या भागावर: जेटकडे जाणाऱ्या नळ्या, हीटरच्या युनियनमधली ओ-रिंग, पंपाचं सील. दोन्ही वेळा सारखंच उतरत असेल तर टबाचं कवच, जेटांची गॅस्केटं, दिव्याची काच, तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह.

यापुढची पायरी सर्वांत मोलाची, आणि तीच लोक टाळतात. पंप बंद ठेवून पाणी उतरू द्यायचं. घरोघरी नेमकं उलटं होतं. रोज पाइप लावून टब पुन्हा काठोकाठ भरला जातो आणि पुरावा रोज पुसला जातो. पाणी ज्या उंचीवर थांबेल, त्या उंचीवरचं तोंड दोषी: स्किमर, दिवा किंवा जेटांची एखादी ओळ. इथे एक गफलत टाळायला हवी. भोक त्याच उंचीवर असेल असं नाही. त्या तोंडातून निघालेली नळी खाली कुठेही फुटलेली असू शकते. पाणी थेट तळापर्यंत गेलं तर खालचं सक्शन, ड्रेन किंवा त्यांच्याशी जोडलेला पंप तपासायचा. संशयित तोंडापाशी, पाणी स्थिर असताना, खाण्याच्या रंगाचे चार थेंब सोडले की रंगाची रेघ फटीकडे ओढली जाते. एवढ्याने काम भागत असताना छिन्नी-हातोडा कशासाठी?

दोष सापडला की उपाय बहुधा किरकोळ असतो. गरम-गार होऊन सैल पडलेली युनियन हाताने आवळणं, ओ-रिंग किंवा गॅस्केट बदलणं, पंपाला नवं सील घालणं. तडकलेली पीव्हीसी नळी कापून नवा तुकडा सॉल्व्हंट सिमेंटने जोडायचा आणि चोवीस तास सुकू द्यायचा. वरून थापलेलं एम-सील दाबाखाली टिकेल यावर विसंबू नये. पाण्यात ओतायचं गळतीरोधक द्रावण मिळतं, ते केसाएवढ्या फटीवर चालतं. मात्र ते वापरताना फिल्टर काढून ठेवावा लागतो आणि फाटलेल्या गॅस्केटपुढे त्याचा काही इलाज नाही. कवचालाच तडा गेला असेल तर पाठीमागून फायबर-इपॉक्सीचा थर द्यावा, पण आधी टबाखालचा आधार पाहावा. टब खालून पोकळ राहिला असेल तर तडा पुन्हा जाणारच.

एवढा वेळ कशाला, वॉटरप्रूफिंगच नव्याने करून टाकू, असं म्हणणाऱ्यांना सोसायटीच्या आदर्श उपविधींची आठवण द्यावी लागते. पावसाचं पाणी, गच्ची, सामाईक नळ यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीची. शौचालय, सिंक अशा घरातल्या गळतीची सभासदाची. मूळ सापडल्याशिवाय खर्च कुणाचा हेच ठरत नाही. भर पावसाळ्यात तर बाहेरच्या भिंतीतला पाझर आणि टबातला पाझर खालच्या छतावर एकसारखेच दिसतात. अशा वेळी तारीखवार पातळीची नोंद आणि रंगाचा प्रयोग वार्षिक सभेतल्या भांडणापेक्षा कामाचा.

वजनाचा मुद्दा वेगळा, पण टाळण्यासारखा नाही. आयएस ८७५ नुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभारासाठी धरलेला असतो. १,००० लिटरचा टब, त्याचं स्वतःचं वजन आणि चार माणसं मिळून वरच्या उदाहरणातल्या २ बाय २ मीटरच्या, म्हणजे ४ चौरस मीटरच्या जागेवर चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भार पडतो. म्हणून राहत्या इमारतीत मागाहून टब बसवायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार आधी.

आणि वर सांगितलेल्या सगळ्या तपासाचा शेवट एका दारापाशी होतो. पंप, हीटर आणि युनियन यांच्यापर्यंत हात पोहोचला तर गळती सापडते आणि मिटते. दिसायला छान म्हणून टबाच्या चारही बाजू टाइल्सनी बंद केल्या, तर साध्या ओ-रिंगसाठीही फोडाफोड होते. घर बघायला जाल तेव्हा टब किती माणसांचा, हे नंतर विचारा. आधी विचारा, पंपाकडे जायचं दार कुठल्या बाजूला आहे. ते नसेल तर टब घेऊ नका.