हवे तेव्हा, हवे तेवढे : साठा कशाचा करावा, कशाचा करू नये

घरात माल भरलेला असणे हे सुबत्तेचे लक्षण समजले जाते. परंतु पडून राहिलेल्या मालात पैसा अडकतो, जागा गुंतते आणि माल नासण्याची भीती असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्यांनी या प्रश्नावर एक पद्धत बसविली. प्रत्येक सुटा भाग हवा तेव्हा व हवा तेवढाच तयार व्हावा, हे तिचे सूत्र होय. पुढच्या कामगाराने भाग उचलले की त्यांची चिठ्ठी मागे जाते. ती आल्यावरच मागचा कामगार तेवढे नवे भाग करतो. या चिठ्ठीस 'कानबान' म्हणतात.

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. वाहनांचे सुटे भाग बनविणारे अनेक कारखानेही त्याच परिसरात उभे राहिले. पुरवठादार असा हाकेच्या अंतरावर असला म्हणजे मोठी कोठारे भरून ठेवण्याचे कारण उरत नाही.

ऊस उत्पादकांस ही कल्पना अपरिचित नाही. साखर कारखान्याची तोडणीची चिठ्ठी आल्याखेरीज ऊस तोडला जात नाही. तोडलेला ऊस पडून राहिल्यास त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून तोडणी गाळपाच्या गतीनेच चालावी लागते.

या पद्धतीची मर्यादा

पुरवठा मध्येच तुटला तर ही पद्धत अडचणीत येते. मार्च २०११ मधील भूकंपानंतर सुटे भाग न मिळाल्याने टोयोटाचे जपानमधील कारखाने बंद ठेवावे लागले. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक चिपांसारख्या, लवकर न मिळणाऱ्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राहील, अशी तजवीज टोयोटाने केली. तात्पर्य, सर्वच साठा वाईट नव्हे.

शेतावर उपयोग

कोणत्याही वस्तूचा साठा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ती गरजेच्या वेळी खात्रीने मिळेल काय? पडून नासेल काय? न मिळाल्यास नुकसान किती होईल?

१. कीटकनाशके : मुदत संपते व किडीप्रमाणे औषध बदलते. पिकाची पाहणी करून गरजेपुरतीच घ्यावीत.

२. खते : पेरणीच्या दिवसांत टंचाई होऊ शकते. म्हणून पेरणीपुरते खत आधी आणावे. युरियास ओल लागते. वरखताचा युरिया गरजेच्या सुमारास घ्यावा.

३. सोयाबीनचे घरचे बियाणे : पेरणीपुरते अवश्य राखावे. ते नाजूक असते. पोती आपटू नयेत, थप्पी उंच रचू नये. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास ते पेरणीयोग्य समजावे.

४. वैरण : येथे काटकसर करू नये. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यात अजून आहे. दुष्काळात वैरण सर्वांनाच एकदम हवी असते आणि कोठेच मिळत नाही. मोठ्या जनावरास दिवसाला ६ किलो कडबा धरल्यास १२० दिवसांस ७२० किलो लागतो. कडब्याची गंज पावसापासून झाकावी. मक्याचा मुरघासही करून ठेवावा.

कृषी सहायकांनी खरिपापूर्वीच्या बैठकीत प्रत्येक शेतकऱ्याकडून अशी यादी करवून घ्यावी. जे वेळेवर मिळते त्यात पैसा अडकवू नये. जे वेळेवर मिळणार नाही ते सुगीतच साठवावे. हिशेबी शेतीचे मर्म हेच होय.