दिव्याखालचा अंधार

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी एका बँकेच्या, तालुक्याच्या गांवीं असलेल्या, शाखेचा व्यवस्थापक होतों. हाताखालीं चौदा माणसें. हिशेब चोख, वेळ काटेकोर, वरिष्ठांचा शेरा दरवर्षीं उत्तम. तेव्हां आपण एक चांगले अधिकारी आहों, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली असल्यास नवल नाहीं. ती समजूत एका आठवड्यांत मोडली. ती कशी मोडली हें सांगावें, आणि चार माणसांकडून काम करून घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांनीं स्वतःकडे कसें पाहावें याचा त्या निमित्तानें थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एका वृद्ध बाईंनीं पतीच्या शस्त्रक्रियेसाठीं मुदतीची ठेव मोडली आणि ती रक्कम आपल्या बचत खात्यांत जमा करावयास सांगितली. नांव व आडनांव तेंच असलेल्या दुसऱ्या एका खात्यांत ती चुकून जमा झाली. ज्या तरुण कारकुनाच्या हातून ही चूक झाली, त्याला ती त्याच दिवशीं सायंकाळीं उमगली होती. उलट नोंद करून दहा मिनिटांत ती दुरुस्त करतां आली असती. पण त्या नोंदीवर माझी सही लागत होती. तो चार दिवस थांबला. पांचव्या दिवशीं बाईंनीं रुग्णालयास दिलेला धनादेश परत आला आणि शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागली. रुग्ण सुदैवानें बरे झाले. परंतु त्या बाई शाखेंत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या त्या वेळचा त्यांचा चेहरा मीं अद्याप विसरलेलों नाहीं. त्या रागावल्या नाहींत. “पैसे माझ्याच नांवावर होते ना?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

मीं त्या कारकुनाला बोलावून म्हटलें, “चूक कोणाच्याहि हातून होते. पण आधीं कां सांगितलें नाहीं?” तो मान खालीं घालून उभा राहिला. मला त्याचें मौन हा निगरगट्टपणा वाटला. त्याला लेखी ताकीद देऊन मीं प्रकरण मिटविलें.

त्या दिवशीं संध्याकाळीं चहाचा पेला उचलावयास आलेला आमचा म्हातारा शिपाई दाराशीं घोटाळला. “साहेब, रागावणार नसाल तर एक सांगतों,” तो म्हणाला. “तुम्ही कोणावर ओरडत नाहीं, हें खरें. पण कोणी चूक सांगायला आला, कीं तुम्ही चष्मा काढतां, घडी घालून टेबलावर ठेवतां आणि त्याच्याकडे नुसते पाहत राहतां. तो चष्मा टेबलावर टेकला, कीं आलेला माणूस अर्धी गोष्ट पोटांत ठेवूनच परत जातो. त्या पोराला मीं दोन वेळां तुमच्या दारापर्यंत आलेला पाहिला आहे.”

मी थक्क झालों. आपण असें कांहीं करतों, याची मला दादच नव्हती. घरीं येऊन हा प्रकार पत्नीला सांगितला, तेव्हां ती हंसून म्हणाली, “अहो, हें तुम्हांला आज कळलें? मुलें प्रगतिपुस्तक दाखवायला येतात तीं आधीं तुमच्या चष्म्याकडे पाहतात.”

आरसा उंचावर टांगलेला असतो

या प्रसंगानें मला शिकविलेली पहिली गोष्ट ही, कीं मनुष्य जसजसा वर चढतो तसतसा त्याला स्वतःचा चेहरा दिसेनासा होतो. कनिष्ठाची चूक दाखविणारे दहा जण असतात. वरिष्ठाची चूक सर्वांना दिसते, पण त्याला कोणी दाखवीत नाहीं. घरांतील कर्त्या पुरुषाची, सासूबाईंची किंवा शाळेंतील मुख्याध्यापकांची गोष्ट वेगळी नाहीं. आपल्याकडे ‘दिव्याखालीं अंधार’ म्हणतात तें उगीच नव्हे. दिवा सर्वांना उजेड देतो, पण स्वतःच्या बुडाशीं काय आहे हें त्याला दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी, कीं हें अज्ञान नेहमीं अहंकारांतूनच उपजतें असें नाहीं. 1999 सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जस्टिन क्रूगर व डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांच्या तर्कशक्तीच्या, व्याकरणाच्या आणि विनोदाच्या जाणिवेच्या परीक्षा घेतल्या. जे सर्वांत मागें पडले, त्यांची खरी पायरी शंभरांत खालून सुमारें बारावी होती. पण आपण सुमारें बासष्टाव्या पायरीवर असूं, असा त्यांचा स्वतःविषयींचा अंदाज होता. एखादें काम चांगलें करण्यास जें ज्ञान लागतें, तेंच ज्ञान तें काम वाईट झालें आहे हें ओळखण्यासहि लागतें, असा त्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. जेथें ज्ञानच अपुरें, तेथें आपलें आपल्याला कसें कळावें? म्हणून डोळे मिटून केलेलें आत्मपरीक्षण पुरेसें होत नाहीं. दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

शस्त्रवैद्यानें बोलावलेला पाहुणा

दुसऱ्याचे डोळे उसने घेण्याचें एक उत्तम उदाहरण डॉ. अतुल गवांदे यांचें आहे. त्यांच्या वडिलांचें मूळ गांव विदर्भांतील उटी, स्वतः डॉ. गवांदे अमेरिकेंत जन्मले व वाढले आणि बोस्टन येथें शस्त्रवैद्य म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. स्वतंत्रपणें शस्त्रक्रिया करूं लागून आठ वर्षें झाल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें, कीं आपलें कौशल्य आतां वाढत नाहीं. खेळाडू कितीहि मोठा झाला तरी त्याला शिक्षक असतो, गवयालाहि कोणी तरी ऐकणारा जाणता कान लागतो. मग शस्त्रवैद्यालाच तो कां नसावा? असा विचार करून त्यांनीं आपले जुने गुरु व निवृत्त शस्त्रवैद्य डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना आपल्या शस्त्रक्रियागृहांत येऊन नुसतें पाहण्याची विनंति केली. 2011 सालीं ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकांत त्यांनीं ही हकीकत स्वतःच लिहिली आहे.

पहिली शस्त्रक्रिया गळ्यांतील ग्रंथीची होती. ती उत्तम पार पडली आणि पाहुण्याला सांगण्यासारखें फारसें कांहीं सांपडलें नसेल, असें गवांदे यांना वाटलें. परंतु ऑस्टीन यांची वही टिपणांनीं भरलेली होती. रुग्णाच्या अंगावर निर्जंतुक कापड ज्या रीतीनें पसरलें होतें, ती रीत खुद्द शस्त्रवैद्याच्या सोयीची होती. समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या सहाय्यकाचा हात मात्र तिनें अडत होता. शस्त्रवैद्याचें कोपर मधून मधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जात होतें, आणि तसें झालें कीं हातावरचा ताबा कमी होतो. शिवाय दिव्याचा झोत जखमेवरून बाजूला सरकला होता, आणि जवळजवळ अर्धा तास शस्त्रवैद्य इकडून तिकडून परतलेल्या उजेडांत काम करीत होता. खोलींत इतकीं माणसें असतां तो झोत सरकल्याचें कोणींच बोलून दाखविलें नव्हतें.

वाचकहो, यांतील दुसरें टिपण शस्त्रवैद्यांपुरतें आहे. पण पहिलें व तिसरें तुम्हां-आम्हां सर्वांना लागू आहे. आपण कामाची जी मांडणी करतों ती आपल्या सोयीची असते. समोरच्याचा हात कोठें अडतो आहे, हें आपणांस समजत नाहीं. आणि प्रकाश सरकला आहे हें पाहूनहि आपलीं माणसें गप्प राहतात.

कागदावरची सूचना आणि मनांतला बदल

हीं माणसें गप्प कां राहतात, या प्रश्नाचा गवांदे यांनीं आणखी एका मार्गानें पाठपुरावा केला होता. जागतिक आरोग्य संघटनेसाठीं त्यांच्या मार्गदर्शनाखालीं शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर तपासावयाच्या एकोणीस बाबींची एक यादी तयार करण्यांत आली. रुग्ण तोच आहे ना, बाजू बरोबर आहे ना, अशा साध्या प्रश्नांबरोबरच तींत एक लहानशी गोष्ट होती: शस्त्र चालविण्यापूर्वीं खोलींतील प्रत्येकानें आपलें नांव व काम मोठ्यानें सांगावें. ज्याचा आवाज एकदां खोलींत उमटला, त्याला पुढें धोका दिसल्यास बोलण्याचें धैर्य येतें, ही त्यामागील कल्पना. नवी दिल्ली, लंडन, मनिला आदि आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 1.5 वरून 0.8 वर आणि गुंतागुंतीचें शेंकडा 11 वरून 7 वर आलें. हे आंकडे 2009 सालीं प्रसिद्ध झाले.

येथें थांबलों असतों तर गोष्ट गोड झाली असती. पण ती अर्धीच राहिली असती. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतानें हीच यादी शंभरांहून अधिक रुग्णालयांत लागू केली. 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तेथें मृत्यूंच्या प्रमाणांत म्हणण्यासारखी घट आढळली नाहीं. याची कारणें तज्ज्ञांनीं पुष्कळ चर्चिलीं. माझ्या अल्प मतीस त्यांतील एक विशेष पटतें: यादी भरणें निराळें आणि परिचारिकेनें “थांबा” म्हटल्यावर मोठ्या शस्त्रवैद्यानें खरोखर थांबणें निराळें. पहिलें हुकुमानें होतें. दुसरें वरिष्ठाच्या वृत्तींत बदल झाल्यावांचून होत नाहीं.

चूक कळल्यावर

दोष दिसणें ही अर्धी वाट. तो कबूल करणें ही उरलेली अर्धी. 1897 सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पुण्याच्या पत्रांतून कळल्या, आणि विश्वासानें त्यांनीं त्या तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध केल्या. परत आल्यावर त्या आरोपांना लागणारा पुरावा त्यांना उभा करतां आला नाहीं. तेव्हां माहिती पुरविणारांचीं नांवें पुढें न करतां, सर्व दोष आपल्या शिरावर घेऊन त्यांनीं जाहीरपणें बिनशर्त माफी मागितली. ही माफी योग्य होती कीं अतिरेकी होती, याविषयीं त्या वेळीं तीव्र मतभेद झाले आणि गोखल्यांना स्वजनांकडूनच पुष्कळ ऐकून घ्यावें लागलें. पण पुढें 1899 सालीं ते मुंबईच्या कायदे कौन्सिलांत निवडून आले, आणि 1905 सालीं काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं त्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. आपला शब्द तपासून घेण्याची त्यांची पुढील काळांतील दक्षता, आणि त्यामुळें त्यांच्या आंकड्यांना आलेलें वजन, हीं सर्वांस ठाऊक आहेत. ज्यानें हाताखालच्यांवर किंवा माहितगारांवर दोष ढकलला नाहीं, त्याच्याभोंवतीं माणसें निर्भयपणें उभीं राहतात.

तीन साध्या संवयी

मीं स्वतः काय केलें, असें कोणी विचारील. शिपायानें सांगितलें त्या दिवसानंतर मीं तीन संवयी लावून घेतल्या. त्यांना कांहीं खर्च येत नाहीं.

पहिली: कोणी चूक सांगावयास आला, कीं “कोणी केलें?” हा प्रश्न शेवटीं विचारावयाचा, “आतां काय केलें पाहिजे?” हा पहिला. शिस्त सोडावयाची नाहीं, पण आग विझल्यावर काडी कोणीं ओढली याची चौकशी करावयाची.

दुसरी: “माझ्याविषयीं तुमचें मत काय?” असें कोणालाहि विचारूं नये. त्याचें उत्तर “छान आहे, साहेब” याखेरीज कधीं मिळत नाहीं. “कालच्या बैठकींत मीं कोणाचें बोलणें मध्येंच तोडलें?” असें नेमकें विचारावें, आणि उत्तर मिळाल्यास बचाव न करतां आभार मानून दुसऱ्या दिवशीं एखादी तरी गोष्ट दिसेल अशी बदलावी. ऐकून घेतलें पण कांहीं बदललें नाहीं, तर पुढच्या वेळीं कोणी सांगत नाहीं.

तिसरी संवय मला पुढें पीटर ड्रकर या व्यवस्थापनशास्त्रज्ञाच्या लेखनांतहि सांपडली. महत्त्वाचा निर्णय घेतांना त्यांतून काय निष्पन्न होईल अशी आपली अपेक्षा आहे, तें लिहून ठेवावें आणि नऊ ते बारा महिन्यांनीं प्रत्यक्ष काय झालें तें ताडून पाहावें. स्मरणशक्ति मोठी खुशामती असते. वही तशी नसते. वहींतूनच मला कळलें, कीं हिशेबाविषयींचे माझे अंदाज बहुधा खरे ठरत आणि माणसांविषयींचे बहुधा चुकत.

याचा परिणाम लगेच झाला नाहीं. पहिल्या वर्षीं तर आमच्या शाखेंतील नोंदलेल्या चुका वाढल्या आणि वरच्या कचेरीनें खुलासा मागितला! चुका वाढल्या नव्हत्या. त्या आतां टेबलावर येऊं लागल्या होत्या. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करतांना हेंच आढळलें, असें मीं पुढें वाचलें, तेव्हां मला समाधान वाटलें: जेथें परिचारिकांचे गट चांगले होते, तेथेंच चुकांची नोंद अधिक होती.

आज आपल्या घरांतील तिशी न उलटलेल्या मुली-सुना संगणकाच्या कचेऱ्यांतून दहा-बारा जणांचे गट सांभाळतात. आमच्या वेळचीं जाडजूड खातेपुस्तकें त्यांनीं पाहिलींहि नसतील. पण घाबरून दारापर्यंत येऊन परत जाणारा तो कारकून त्यांच्या कचेरींतहि आहे. आणि आपल्या स्वयंपाकघरांत, जेवणाच्या पंगतींतहि तो कोठें तरी बसलेला असतो.

मीं मात्र त्या आठवड्यांतच चष्म्याला दोरी लावून घेतली, म्हणजे तो काढला तरी टेबलावर जावयाचा नाहीं, गळ्यांतच राहावयाचा. ती दोरी बाजारांतून आणून देणारा तो शिपाईच होता. पहिल्या दिवशीं ती पाहून तो कारकून किंचित् हंसला, आणि एका चुकलेल्या नोंदीचा कागद घेऊन माझ्या खोलींत आला. चूक तीन रुपयांची होती. त्या तीन रुपयांइतकी मोलाची रक्कम माझ्या सगळ्या नोकरींत माझ्यापुढें आली नाहीं.