स्वसंरक्षणाचे शिक्षण, उद्योगाच्या पायावर
समाजासाठी उद्योग : लेखांक ५

महिलांची सुरक्षा आणि स्वसंरक्षण हे ध्येय मानणारा सामाजिक उद्योग देणग्यांपेक्षा शुल्कावर उभा राहतो आणि उरलेली शिल्लक पुन्हा त्याच कामात घालतो. अशा कामाची गरज कुठे असते, हे म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमकडे पाहिले की कळते. महाजन महाविद्यालय याच वसाहतीत आहे, विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर जवळ आहे आणि शेजारच्या गोकुळममध्ये योग शिकायला देशोदेशीचे लोक येतात. घरापासून दूर राहणाऱ्या मुलींचा वावर अशा भागात मोठा असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये चामुंडी टेकडीजवळ एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर म्हैसूर विद्यापीठाने परिपत्रक काढले आणि विद्यार्थिनींनी संध्याकाळी साडेसहानंतर मानसगंगोत्रीत एकटीने फिरू नये असे बजावले. टीका झाल्यावर ते मागे घेण्यात आले. गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि दार मुलीवर बंद व्हायचे, हा न्याय नव्हे. स्वसंरक्षणाच्या उद्योगाची कसोटी इथेच लागते. शिकलेल्या मुलीचा वावर वाढला, तर काम साधले. तिची भीती वाढली, तर पैसा मिळूनही काम फसले.

काय शिकवायचे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणून अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी हल्लेखोरावर बेतलेला अभ्यासक्रम अपुरा पडतो. नातेवाईक, वरिष्ठ किंवा मित्र मर्यादा ओलांडू लागला तर ते वेळीच ओळखणे, ठामपणे नाही म्हणणे, आरडाओरडा करून लोक जमवणे आणि शेवटी पकड सोडवून निसटणे, असा क्रम हवा.

याला संशोधनाचा आधार आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांत धोका ओळखणे, तो मान्य करणे आणि प्रतिकार करणे शिकवले गेले. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचे प्रमाण केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. एका दुपारच्या प्रात्यक्षिकाने एवढे साधत नाही.

कायद्याचे भान

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. कलम ३७ नुसार बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, मात्र बलात्कार, अपहरण किंवा अॅसिडहल्ल्यासारख्या प्रसंगी कलम ३८ हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत नेते. प्रशिक्षणार्थींना हे साध्या भाषेत समजले पाहिजे. आपत्कालीन मदतीचा ११२, महिलांसाठीचा १८१ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांकही तोंडपाठ हवेत.

वर्ग सुरू झाले की मुली आपले अनुभव बोलू लागतात. अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. म्हणून प्रशिक्षकाला कराटेच्या पट्ट्याइतकेच ऐकून घेण्याचे शिक्षण लागते. समुपदेशक आणि वकील यांच्याशी आधीच संधान बांधून ठेवावे.

नोंदणी आणि पैसा

नफा वाटायचा नसेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी, विश्वस्त संस्था किंवा सोसायटी असे पर्याय आहेत. नफ्यातला वाटा हवा असेल तर खासगी मर्यादित कंपनी काढता येते, पण देणग्यांची वाट अरुंद होते. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. तो निधी मिळवण्यासाठी बाहेरच्या संस्थेला आयकराच्या १२ए व ८०जी नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. सुरुवातीची वर्षे त्यामुळे शुल्कावरच काढावी लागतात.

शुल्काचा भरवशाचा मार्ग २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्याने खुला केला. कर्मचाऱ्यांसाठी जागृती-कार्यशाळा घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. म्हैसूरमध्ये इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्र आणि अनेक कारखाने आहेत. कार्यालयांकडून पूर्ण शुल्क, महाविद्यालयांकडून निम्मे आणि सरकारी शाळांतल्या मुलींना मोफत, अशी रचना टिकते. समग्र शिक्षा योजनेतील राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आणि हैदर अलीच्या सैनिकांशी मुसळाने झुंजलेल्या चित्रदुर्गच्या ओबव्वाच्या नावाने कर्नाटकाने सुरू केलेले प्रशिक्षण, या सरकारी कामांतही जोडून घेता येते.

मोजमाप

किती मुलींना शिकवले, एवढा आकडा पुरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा भेटून विचारावे : संध्याकाळचा वर्ग, नोकरी किंवा प्रवास तिने सुरू केला का? त्रास झाल्यावर कुणाला सांगितले का? मुलांचे आणि पुरुषांचे वर्गही अभ्यासक्रमात धरावेत, कारण हिंसा थांबवण्याची जबाबदारी तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही.

पुणे, नागपूर, कोल्हापूर इथल्या विद्यार्थी-वसाहतींतही हीच गरज आहे. तिथे हे काम उभे करू पाहणाऱ्यांनी जाहिरातीत भीती वापरू नये. मुलींचा वावर वाढवणारी संस्थाच सुरक्षेचे काम करते.