दिवसाचे चारशे

रात्री नऊनंतर चार बंगल्याच्या मंडईत भाजीवाले आवरायला लागतात आणि उरल्यासुरल्या मालाचा भाव उतरतो. तिथेच ती दिसली. "पाव किलो नको, वाटा द्या," असं भाजीवालीला म्हणणारी कोलंबियाची मुलगी. परदेशी माणसं अंधेरीला नवी नाहीत. वर्सोवा-लोखंडवालात सिनेमात नाचायला, मॉडेलिंगला आलेली कितीतरी भेटतात. पण वाटा मागणारी मी पहिल्यांदाच पाहिली. ओळख काढली आणि शनिवारी हिशेबाला बसते तेव्हा येऊ का, असं विचारलं.

ती घाटकोपरच्या एका क्लासमध्ये स्पॅनिश शिकवते. परदेशी माणसाला इथे नोकरीचा व्हिसा हवा असेल तर वर्षाला सव्वासोळा लाखांहून अधिक पगार लागतो. इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकवणाऱ्यांना मात्र ती अट नाही. म्हणून ती इथे आहे, आणि म्हणूनच तिचा पगार कुठल्याही नव्या शिक्षिकेइतकाच आहे. "भाडं, वीज आणि स्वयंपाकाच्या मावशी सोडून दिवसाला चारशे," ती म्हणाली. तिच्या गावच्या मैत्रिणींना वाटतं, भारतात म्हणजे ही राणीसारखी राहत असेल.

यारी रोडला तिघी मिळून राहतात. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, परदेशी भाडेकरूचा वेगळा फॉर्म, एका महिन्याची दलाली, तीन महिन्यांचं डिपॉझिट. घरून आणलेली शिल्लक किल्ली हातात येईपर्यंत संपली होती.

तिची वही साधी, शाळकरी. सकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत बेस्टची बस, १० रुपये. रिक्षाचं मीटरच २६ ला पडतं आणि स्टेशनला पोचेपर्यंत चाळिशी गाठतं, त्यामुळे रिक्षा फक्त मुसळधार पावसात. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो ४०, येताना पुन्हा तेच ५०. म्हणजे चारशेतले शंभर प्रवासातच गेले. उरलेल्या तीनशेत दूध, भाजी, फोन, साबण, औषध आणि रविवारचा चहा. परदेशी चीजचा एक तुकडा घेतला की त्या दिवसाचे चारशे खलास. तशी ओळ महिन्यात एकच, आणि तिच्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

वही चाळताना माझ्या लक्षात आलं ते असं: तिला महाग पडतात त्या वस्तू आणि जागा. स्वस्त पडतं ते सगळं माणसाच्या हाताचं काम. इस्त्री, चपलेची शिलाई, दारात येणारं दूध. आणि मावशी. दोन वेळचा स्वयंपाक, तिघींत मिळून सहा हजार, हिच्या वाट्याला दोन. चारशेच्या हिशेबाने पाच दिवसांचा खर्च, महिनाभराच्या जेवणाला. हा देश परवडतो असं म्हणतात ते याच ओळीच्या जोरावर.

मावशी ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. तो ओला, खारट वास घरभर होता. मला अजून ते घर त्या वासानेच आठवतं. बोंबील मुलीला त्यांनीच शिकवले. "पापलेट बघायचं, बोंबील घ्यायचा, असं सांगितलंय तिला," म्हणाल्या. मी विचारलं, "मावशी, तुमचा दिवसाचा खर्च किती?" सुरी थांबवली नाही त्यांनी. "आमचं दिवसाचं कुठं असतंय ताई? खोलीचं भाडं, पोराची फी, सिलिंडर. ते भागलं की मग दिवस." त्या गिल्बर्ट हिलच्या बाजूने येतात. चार घरं करतात. बसभाडं ५ चं १० झालं तेव्हापासून एक वेळ चालतात.

मुलीला हे माहीत होतं. मला तिच्याबद्दल आदर वाटला तो तिच्या काटकसरीसाठी नव्हे. मावशींनी महिन्याला दीड हजार वाढवून मागितले होते. पुढच्या महिन्याच्या पानावर तिने मावशींपुढे २५०० लिहून ठेवलेच होते. चीजची ओळ त्या पानावर नव्हती, तरी शंभर कमी पडत होते, ते ती पेन्सिलीने शोधत होती. बाकीच्या दोघी अजून कबूल झालेल्या नाहीत. एकीचं म्हणणं, इमारतीत दुसऱ्या बाई पाच हजारांत मिळतात.

"मिळतील," मावशी ओट्यावरूनच म्हणाल्या, "पण त्या मासे नाय करत."