तिसऱ्या मराठा पलटणीच्या चढाया : केरन ते झांगर

१९२२ पासून मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावच्या छावणीत आहे. या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीची १९४१ ते १९४८ ही वर्षे बरीचशी शत्रूने धरलेले डोंगर घेण्यात गेली.

त्यातली सर्वांत कठीण चढाई इरिट्रियातील केरनची. अस्मारा आणि मसावा बंदराकडे जाणारा रस्ता तिथे अरुंद खिंडीतून वर चढतो आणि दोन्ही बाजूंचे सुळके इटालियन सैन्याच्या ताब्यात होते. ब्रिटिश-भारतीय सैन्याचे फेब्रुवारीतले हल्ले फसले. १५ मार्च १९४१ रोजी दिवसा हायलँड लाइट इन्फंट्री उघड्या उतारावर मशिनगनखाली अडकून पडली. त्या रात्री लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या तिसऱ्या मराठा पलटणीने, जोडीला फ्रंटियर फोर्स रेजिमेंटच्या दोन कंपन्या घेऊन, पिनॅकल हा सुळका जिंकला. दारूगोळा आणि पाणी माणसांच्या पाठीवरूनच वर न्यावे लागे. पहाटे वेस्ट यॉर्कशायर पलटण सुळक्यालगतच्या डोलोगोरोडोक किल्ल्यात शिरली. नाव किल्ल्याचे झाले, पण त्याची वाट सुळक्याने मोकळी केली होती. प्रतिहल्ले पुढे बरेच दिवस चालले. केरन २७ मार्चला पडले.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, याच पलटणीची एक कंपनी शत्रूच्या मोर्च्यावर चालून गेली. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटेच धावले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दांड्याने लोळवले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ही पलटण ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. २४ डिसेंबर १९४७ रोजी संख्येने कितीतरी जास्त असलेल्या हल्लेखोरांपुढे झांगर हे ठाणे हातचे गेले. ते परत मिळेपर्यंत पलंगावर न झोपण्याची प्रतिज्ञा ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी केली होती. आजूबाजूच्या टेकड्या एकेक करून घेत १८ मार्च १९४८ रोजी ब्रिगेडने झांगर परत मिळवले. ३ जुलैला तिथेच तोफगोळ्याने उस्मान यांचा मृत्यू झाला. १९५२ मध्ये ही पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली.