पत्ता आणि पत

पुण्याच्या पेठांत नव्याने आलेला मनुष्य कागदावरचा पत्ता घेऊन निघाला, की ‘बुधवार पेठ, अमुक क्रमांक’ एवढ्या आधारावर दुकान सापडत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात येते. तो क्रमांक पेठेतील मिळकतीचा असतो; रस्त्याच्या कडेने ओळीने दिलेला नसतो. मग एखाद्या पेढीच्या पायरीशी थांबून विचारावे लागते आणि उत्तर मिळते ते खुणांच्या भाषेत: ‘सोन्या मारुतीपासून पुढे जा आणि तेथे कोणालाही विचारा.’

यांतील कित्येक खुणा आज डोळ्यांना दिसत नाहीत. पानिपतानंतर १७६१ मध्ये मुठेवर बांधलेला लाकडी पूल केव्हाच गेला. त्या जागी पक्का पूल आला, त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले. तरी लोकांच्या तोंडी ‘लकडी पूल’च राहिला. आप्पा बळवंत चौकाला नाव आहे पेशवाईतील सरदार मेहेंदळे यांचे. आज तेथे पुस्तकांचा बाजार भरलेला असतो. हुजूरपागेत घोडे नाहीत. १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा आहे.

या खुणांत व्यापाराचा वाटाही मोठा आहे. पासोड्या विठोबा आणि जिलब्या मारुती ही देवांची नावे जवळच्या विक्रीवरून पडली, असे सांगितले जाते. तपकीर गल्लीत आज तपकीर शोधू जाणारा विजेच्या सामानाच्या दुकानांत जाऊन पोहोचतो. धंदा बदलला, माणसे बदलली, नाव मात्र टिकले.

एखादे दुकानच जेव्हा इतरांच्या पत्त्याची खूण होते, तेव्हा त्या घराण्याला मिळालेला तो मोठा मान असतो. हा मान पाटी लावून मिळत नाही. दुकान वेळेवर उघडावे लागते, माप चोख ठेवावे लागते आणि वाट विचारणाऱ्याला नीट वाट सांगावी लागते. मग तो शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचे दुकान विचारीत का आलेला असेना! अशा वागणुकीत दोन पिढ्या गेल्या, की ‘त्यांच्या दुकानासमोर’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसतात. पत असेल तेथेच पत्ता तयार होतो.

म्हणूनच असे दुकान हलले, की हानी एका कुटुंबापुरती राहत नाही. नाना आणि भवानी पेठेतील भुसार व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, त्या वेळी माल आणि गुमास्ते नव्या गाळ्यांत गेले. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या वाटा मात्र मागेच राहिल्या.

आज मोबाइलवरील नकाशा गिऱ्हाइकाला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडतो. ही सोय मोलाची आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु वाड्याच्या कोणत्या जिन्याने वर जावे, मागचे दार कोणत्या बोळात उघडते, हे सांगायला अजून शेजारचा माणूसच लागतो. शिवाय नकाशाच्या भरवशावर वाढलेली मुले वडिलोपार्जित पेठेतील चौकांची नावेही जाणत नाहीत, असे चित्र अनेक घरांत दिसू लागले आहे.

उपाय साधा आहे. बिलावर क्रमांकाबरोबर जवळची खूणही छापावी आणि सुटीच्या दिवशी मुलांना पेठेतून पायी फिरवावे. उद्या गल्ल्यावर तीच बसणार आहेत. दारी आलेल्या अनोळखी माणसाला वाट सांगणे त्यांना आलेच पाहिजे.