छातीतील यंत्र आणि गादीतील चुंबक

आष्टी-कारंजाकडील एखाद्या वृद्धाला पेसमेकरच्या तपासणीसाठी सेवाग्राम, सावंगी किंवा थेट नागपूर गाठावे लागते. आपण सोबत गेला असाल, तर डॉक्टरांनी छातीवरील उंचवट्यावर एक गोल चुंबक ठेवलेला कदाचित पाहिला असेल. चुंबक जवळ येताच पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो आणि त्या गतीवरून बॅटरीची स्थिती समजते. चुंबक दूर केला, की यंत्र पूर्ववत चालू लागते.

म्हणजेच त्या यंत्राला चुंबक ‘कळतो’. जुन्या यंत्रांत यासाठी काचेची इवलीशी नळी आणि तिच्यात दोन पातळ धातुपट्ट्या असत. चुंबक आला की पट्ट्या एकमेकींना टेकत. एवढे ओळखण्यास त्यांना बॅटरीची गरजही नसे! नव्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक संवेदक असतात.

अडचण अशी, की डॉक्टरांचा चुंबक आणि घरातला चुंबक यांतील भेद यंत्राला कळत नाही. सुमारे 10 गॉस तीव्रतेचे क्षेत्र त्याला पुरते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र साधारण अर्ध्या गॉसच्या आसपास असते. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या चुंबकीय गाद्या व पट्टे (ज्यांच्या गुणाचा भक्कम पुरावा नाही), इअरफोनची डबी, चुंबक बसवलेले मोबाइल, ही सारी यादीत येतात. ज्यांच्या छातीत झटका देणारे आयसीडी यंत्र आहे, त्यांनी अधिक जपावे. चुंबक जवळ असेपर्यंत ते यंत्र जीवरक्षक झटका रोखून धरू शकते, आणि रुग्णाला त्याची जाणीव होईलच असे नाही.

हे क्षेत्र मोजून बाहेर कळवणारा छोटा संवेदक अंगावर वा घरात ठेवता आला तर? अडसर बॅटरीचा आहे. पेसमेकरची बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षांनी संपते आणि उतारवयात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. त्यात आणखी एक बॅटरी सांभाळणे कोणाला आवडेल? म्हणून बॅटरीविना चालणाऱ्या बिनतारी संवेदकांवर संशोधन चालू आहे. नागपूर मेट्रोचे कार्ड आठवा. त्यात बॅटरी नसते. फाटकावरील यंत्राच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते. फुप्फुसाच्या रोहिणीत बसवायचा, रक्तदाब सांगणारा कार्डिओमेम्स हा असाच बॅटरीविरहित संवेदक असून अमेरिकेत 2014 साली त्याला मान्यता मिळाली. रुग्ण विशिष्ट उशीवर निजला, की बाहेरूनच नोंद घेता येते. दाबाऐवजी चुंबकक्षेत्र टिपणारी अशी साधने प्रयोगशाळांत आकार घेत आहेत.

ती घरात येईपर्यंत मोजपट्टी पुरेशी आहे. मोबाइल व चुंबकी वस्तू यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवाव्यात, सदऱ्याच्या वरच्या खिशात मुळीच नकोत. इंडक्शन शेगडीशी वावरताना 60 सेंटिमीटर अंतर राखावे. चुंबकीय गादी आधीच आणली असेल, तर तिच्यावर आजोबांऐवजी दुसऱ्या कोणी झोपावे, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तसे सांगावे.